घाट उतरण्यापूर्वी : जुन्या मोटारींचे ब्रेक आणि त्यांची निगा

पुणे शहराच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून निघालेला रस्ता भूगाव, भुकूम ही गावे मागे टाकतो, पिरंगुटचा लहानसा घाट उतरतो आणि मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पौडला पोचतो. पौडच्या पुढे हाच रस्ता मुळशी जलाशयाच्या काठाने सह्याद्रीच्या माथ्याकडे जातो व ताम्हिणी घाटाने रायगड जिल्ह्यातील विळे आणि माणगावच्या दिशेने कोकणात उतरतो. पावसाळ्यात या भागात मुसळधार पाऊस पडतो. दाट धुके, ओला रस्ता आणि पाठोपाठ येणारी वळणे यांमुळे चालकाची कसोटी लागते. त्याहूनही अधिक कसोटी लागते ती त्याच्या गाडीच्या ब्रेकची.

या रस्त्यावरून नव्या मोटारींबरोबर जुन्या मोटारी आणि जीपगाड्याही धावतात. शहरात अनेक वर्षे वापरून झालेले वाहन पुष्कळदा ग्रामीण भागात येते आणि तेथे बाजारहाट, दवाखाना, शाळा व लग्नकार्य अशी कामे करीत राहते. त्याचे इंजिन उत्तम चालते, रंगही नवा दिलेला असतो. पण ब्रेककडे मात्र दुर्लक्ष झालेले असते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही, म्हणून ते तत्काळ दुरुस्त होते. ब्रेक कमजोर झाला तरी गाडी चालते, म्हणून त्याची दुरुस्ती लांबणीवर पडते. पौडच्या बाजारपेठेत सावकाश हिंडताना कामापुरता वाटणारा ब्रेक ताम्हिणीच्या उतारावर कामापुरता ठरेलच असे नाही. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घेणे प्रत्येक वाहनधारकाच्या हिताचे आहे.

उताराची ऊर्जा

या प्रश्नाचे उत्तर मुळशीच्या धरणातच सापडते. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहामुळे ज्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले, त्या टाटांच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळमार्गांनी कोकणातील भिरा येथील वीजगृहात सोडले जाते. १९२७ पासून तेथे वीज निर्माण होत आहे. सुमारे ५०० मीटर उंचीवरून खाली येताना पाण्याला मिळणारी ऊर्जा तेथील जनित्रे फिरवते.

पाण्याप्रमाणेच घाट उतरणारी मोटारही उंचीतील ऊर्जा बरोबर घेऊन येते. ही ऊर्जा कोठे तरी खर्च व्हावीच लागते. तिचा काही भाग हवेच्या विरोधात व टायरच्या घर्षणात जातो. उरलेल्या भागाचा भार इंजिनाने उचलला नाही तर तो सर्वस्वी ब्रेकवर पडतो आणि तेथे तिची उष्णता होते. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर खाली उतरली, तर एकूण सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. सुमारे १८ लिटर, म्हणजे एक मोठा हंडाभर, गार पाणी उकळीला आणण्यास इतकी ऊर्जा पुरेशी असते. तीच मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून ३५ वेळा पूर्ण थांबवावी, तेव्हा ब्रेकला जेवढे काम पडेल तेवढे हे काम आहे.

शहरात एकदा ब्रेक दाबल्यावर ड्रमला थंड होण्यास वेळ मिळतो. घाटात तो मिळत नाही. म्हणूनच सपाटीवरील चाचणीत उत्तीर्ण झालेला ब्रेक घाटात अनुत्तीर्ण होऊ शकतो.

पायापासून चाकापर्यंत

बहुसंख्य मोटारींत ब्रेकची यंत्रणा द्रवाच्या दाबावर चालते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेच्या विज्ञानपुस्तकात असतो. ब्रेक हे त्याचे रोजच्या वापरातील उदाहरण होय. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो प्रत्येक चाकाजवळच्या व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो. तेथील दट्टे दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू बाहेर ढकलतात. शूवर बसविलेले लायनर फिरत्या ड्रमच्या आतील बाजूस घासते आणि चाकाची गती कमी होते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढील काळातील पद्मिनी, आणि उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर या दोन मोटारींनी अनेक दशके देशातील रस्ते व्यापले होते. त्यांच्या जुन्या नमुन्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून पुढील चाकांना डिस्क ब्रेक असलेली लहान मोटार सर्वसामान्य कुटुंबाच्या परिचयाची झाली. पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले, तर अॅम्बेसेडर व मारुती ८०० यांचे २०१४ मध्ये. तरीही या मोटारी जिव्हाळ्याने सांभाळणारी घरे आजही आहेत.

ड्रम आणि डिस्क यांतील फरक घाटात विशेष जाणवतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, त्यामुळे पेडल अधिक खाली जाते. ड्रम बंदिस्त असल्याने आतील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. डिस्कची तबकडी मात्र उघड्या हवेत फिरते व लवकर थंड होते. जुन्या काळच्या अनेक मोटारींत सर्व चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग असे. त्यामुळे एखादी नळी फुटली तर पायाचा संपूर्ण ब्रेक निकामी होत असे. पुढे आलेल्या दुहेरी मास्टर सिलिंडरमुळे एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा काही प्रमाणात काम करतो.

ब्रेक कसा दगा देतो

अति उष्णतेमुळे ब्रेक दोन प्रकारे दगा देतो. पहिल्या प्रकारात लायनर इतके तापते की त्याचे घर्षण घटते. पेडल पायाला कठीण लागते, जळका वास येतो, पण गाडी आवरत नाही. दुसऱ्या प्रकारात चाकाजवळचे ब्रेक ऑइल उकळते व त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल एकाएकी तळाला जाते.

हा दुसरा धोका जुन्या ऑइलमुळे वाढतो. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत. मुळशीसारख्या पावसाळी प्रदेशात ऑइलची पातळी भरलेली आहे एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नाही. ते किती जुने आहे हेही पाहिले पाहिजे.

लक्षणांवरून निदान

ब्रेक क्वचितच एका दिवसात कमजोर होतो. तो हळूहळू उतरत जातो आणि चालकाच्या पायाला त्याची सवय होते. नेहमीचा चालक 'ब्रेक ठीक आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा त्याचा पाय त्या ब्रेकला सरावला आहे एवढाच असतो. यास्तव लक्षणे पारखून पाहणे आवश्यक ठरते.

पेडल खाली जाते, पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते, असे असल्यास शू व ड्रममधील अंतर वाढलेले असते किंवा यंत्रणेत हवा शिरलेली असते. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर हवेचा संशय अधिक बळावतो. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले असण्याचा किंवा कोठे तरी गळती असण्याचा संभव असतो. पेडल कठीण असूनही गाडी थांबत नसेल तर लायनर गुळगुळीत झालेले, तेलकटलेले किंवा बूस्टर निकामी झालेला असतो. गाडी एका बाजूस ओढत असेल तर एखाद्या चाकाचा सिलिंडर अडकलेला असतो, लायनरवर तेल आलेले असते किंवा रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असते. टाकीतील ब्रेक ऑइल वारंवार कमी होत असेल तर वरून ओतत राहणे हा उपाय नव्हे. गळती शोधलीच पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम

ब्रेक कमजोर वाटला की मोठा बूस्टर किंवा डिस्क ब्रेक बसवावा, असा सल्ला अनेकदा मिळतो. तथापि पहिले पाऊल ते नव्हे. जुन्या गाडीचा मूळ ब्रेक पूर्ववत केला तरी पुष्कळ तक्रारी दूर होतात. मूळ दोष तसाच ठेवून वर नवा सुटा भाग चढविणे म्हणजे गळक्या घराला रंग देण्यासारखे आहे.

प्रथम चारही ड्रम उतरवून पाहणी करावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून हवेच्या झोताने ती उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी किंवा पाण्याने भिजवून काढावी. रिव्हेटची डोकी ड्रमला लागण्याच्या आतच लायनर बदलावे. तेल किंवा ग्रीस मुरलेले लायनर धुऊन पूर्ववत होत नाही. ते बदलावे आणि त्याबरोबर गळणारे ऑइल सीलही बदलावे, अन्यथा नवे लायनरही लवकरच खराब होते. लायनर नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी व एकाच जातीचे बसवावे. ड्रमवर चरे पडले असल्यास तो लेथवर सारखा करून घेता येतो. मात्र उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे तासलेला ड्रम पातळ होतो, अधिक तापतो व तडकू शकतो.

त्यानंतर सिलिंडर व नळ्या पाहाव्यात. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर केवळ रबरांचे किट बदलून भागत नाही. सिलिंडरच बदलणे श्रेयस्कर. पोलादी नळ्यांवरील गंज व रबरी नळ्यांवरील चिरा डोळ्यांनी दिसतात. रबरी नळी बाहेरून चांगली दिसली तरी वयोमानाने आतून खराब होते, हे लक्षात ठेवावे. अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडर अडकण्याचे प्रमाण अधिक असते. अशी गाडी थेट घाटात नेऊ नये.

मग संपूर्ण जुने ब्रेक ऑइल काढून उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे, सीलबंद डब्यातील नवे ऑइल भरावे व हवा काढावी. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करून पारदर्शक नळीतून हवेचे बुडबुडे बाहेर पडू द्यावेत व पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावा. या वेळी टाकी रिकामी होऊ देऊ नये आणि निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये. इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही या यंत्रणेत घालू नये. त्याने रबर फुगते व ब्रेक निकामी होतो. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हितावह असते.

शेवटी शू व ड्रममधील अंतर नीट जुळवावे आणि हँडब्रेकची केबल तपासावी. नवे लायनर ड्रमशी पूर्णपणे बसण्यास काही अंतर चालणे आवश्यक असते. म्हणून गॅरेजमधून निघालेली गाडी त्याच दिवशी घाटात घालू नये. टायर गुळगुळीत असतील तर एवढ्या खटाटोपाचे फळ मिळत नाही, कारण ब्रेक चाक थांबवतो, पण रस्त्यावर गाडी धरून ठेवतो तो टायर.

सुधारणा कोणती, कोणाच्या सल्ल्याने

मूळ यंत्रणा पूर्ववत झाल्यावरही अधिक सुरक्षितता हवी असेल, तर त्याच मोटारीच्या पुढील काळातील नमुन्यात उत्पादकाने बसविलेले भाग वापरणे हा सर्वांत विश्वासाचा मार्ग होय. दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पुढील चाकांचे डिस्क ब्रेक यांमुळे निश्चितच फरक पडतो. परंतु हे भाग एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. मागील चाकांवर प्रमाणाबाहेर ब्रेक लागला तर ती आधी घसरतात व ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. बूस्टरमुळे पायाचे श्रम कमी होतात, पण तापलेला ड्रम थंड होत नाही, हेही विसरून चालणार नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. म्हणून असा बदल करण्यापूर्वी संबंधित परिवहन कार्यालयात चौकशी करावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावी लागते व त्यासाठी वाहनाची तपासणी होते. या तपासणीकडे केवळ कागदाची पूर्तता म्हणून न पाहता स्वतःच्या सुरक्षिततेची संधी म्हणून पाहावे.

घाटातील शिस्त

चांगल्या ब्रेकलाही चालकाची साथ लागते. मुळशीच्या उत्तरेस बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली. उतारावर निघण्यापूर्वी ब्रेकची चाचणी घ्यावी आणि वेग मर्यादेत ठेवावा, ही रेल्वेची घाटातील शिस्त आहे. मोटारचालकानेही तीच अंगीकारावी.

ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, साधारणपणे त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. त्यामुळे उताराची बरीच ऊर्जा इंजिन पचवते व ब्रेकवरील भार हलका होतो. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरचे साहाय्यही दोन-तीन दाबांत संपते. ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी तो ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि सोडावा. जळका वास आला किंवा पेडलचा स्पर्श बदलला तर रुंद जागा पाहून गाडी थांबवावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत व ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यास पुढे मोकळ्या रस्त्यावर सावकाश जात ब्रेक हलकेच दाबून लायनर कोरडे करावे.

वेगाचा हिशेबही ध्यानात ठेवावा. वेग दीडपट झाला की थांबण्यासाठी ब्रेकला सव्वादोन पट अंतर लागते. चांगला ब्रेक कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून गाडीला सुमारे २३ मीटरांत थांबवत असेल, तर निम्म्या ताकदीच्या ब्रेकला ४६ मीटर लागतील. धोका दिसून पाय पेडलवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले सुमारे १७ मीटर त्यांत धरलेले नाहीत.

इतके करूनही पेडल तळाला गेलेच, तर ते वेगाने पंप करावे, क्रमाने खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा आणि गाडी दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूस राहील असे पाहावे. हँडब्रेक सामान्यतः केबलवर चालत असल्याने ऑइलच्या दोषाचा त्यावर परिणाम होत नाही.

गावपातळीवर करता येण्यासारखे

हे काम एकट्या वाहनधारकाचे नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने गावातील प्रवासी व शालेय वाहनांच्या मालकांना एकत्र बोलावून जाणत्या मेकॅनिकच्या साहाय्याने तपासणीचा एक दिवस ठरविल्यास खर्च थोडा व लाभ मोठा होईल. तीन साध्या चाचण्या कोणालाही घेता येतात : इंजिन चालू ठेवून एक मिनिट पेडल दाबून धरल्यास ते खाली जाता कामा नये, मोकळ्या सपाट जागेवर सावकाश गाडी चालवून ब्रेक दाबल्यास ती सरळ रेषेत थांबावी, आणि सौम्य चढावर हँडब्रेकने गाडी धरून ठेवावी. मात्र या चाचण्यांत उत्तीर्ण होणे म्हणजे घाटासाठी परवाना नव्हे. ऑइलचे वय आणि लायनरची जाडी चाक उतरवल्याशिवाय व नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही.

कार्यालय-प्रमुखांनी आपल्या वाहनाच्या नोंदवहीत इंधनाच्या आकड्यांबरोबर ब्रेक ऑइल व लायनर बदलल्याचा दिनांक लिहिण्याची पद्धत ठेवावी. शिक्षकांना पाण्याने भरलेल्या दोन लहानमोठ्या सिरिंज व एक नळी एवढ्या साहित्यावर पास्कलचा नियम वर्गात दाखविता येईल; नळीत हवेचा बुडबुडा ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला, तर हवा शिरलेला ब्रेक का फसतो हे विद्यार्थ्यांना बोटांनी कळेल. असा विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना 'आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल कधी बदलले?' असे विचारील, तर त्या तासाचे सार्थक होईल.

मुळशीच्या डोंगरांनी येथील जलाशयाला उंची दिली आणि त्या उंचीतून वीज निर्माण झाली. भिऱ्याला उतरणाऱ्या पाण्याला नळमार्ग आणि झडपा यांचा लगाम आहे, म्हणून ते उपयोगी पडते. घाट उतरणाऱ्या मोटारीला लगाम आहे तो ब्रेकचा. लायनरची एक जोडी, रबरांचे एक किट, ऑइलचा एक डबा आणि गॅरेजमधील एक दिवस एवढ्या खर्चात तो मजबूत राखता येतो. घाट लागल्यावर ब्रेकची आठवण होण्यापेक्षा घर सोडण्यापूर्वी ती झालेली केव्हाही चांगली.